बैठकीत बसवलेला गॅस

आमच्या घरी गॅस आला तो स्वयंपाकघरात नाही आला. आला तसा सरळ बैठकीत जाऊन बसला, पाहुण्यासारखा. तक्क्याला टेकून सुपारी कातरायची तेवढी बाकी राहिली होती. हे सांगितलं की माझ्या नातसुना हसतात, म्हणतात, आजी तू वाढवून सांगतेस. वाढवायचं कशाला? आमच्या घरच्या पुरुषांनी जे केलं ते आहे तसं सांगितलं तरी पुष्कळ होतं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझं माहेर अमडापूरकडचं आणि सासर नांदुऱ्याहून तीन कोसांवरचं. घर खातंपितं. कापूस, ज्वारी, तूर, सगळं पिकायचं. घरात मोठी माणसं आम्ही चौघंच. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई, त्यांना आत्याबाई. मग आमचे हे, आणि मी. माझी दोन लेकरं तेव्हा लहान, त्यांचा या गोष्टीत काही संबंध नाही. संबंध आहे तो आत्याबाईंच्या दम्याचा.

आमच्या चुलीत पऱ्हाटी जळायची. कापूस वेचून झाला की शेतातली वाळकी झाडं उपटून आणतात, ती पऱ्हाटी. उन्हाळ्यात ती कशी फडफड जळते. पावसाळ्यात मात्र तिची अंगणात रचलेली गंजी भिजली की जळत नाही, नुसती धुमसते. मग फुंकणी घ्यायची आणि डोळे मिटून फुंकत बसायचं. आत्याबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या चुलीसमोर होत्या. स्वयंपाकघराला उजेड यायला वरच्या अंगाला एक हातभर भोक, बस. घर बांधताना मामाजींनी बैठकीला चार खिडक्या काढल्या, आत एकही नाही. का, तर म्हणे चोर येईल. चोर काय भाकर थापायला येणार होता, कोण जाणे.

आता तुम्ही म्हणाल, सून घरात असताना सासू चुलीसमोर कशाला? तर मामाजींना दुसऱ्या कुणाच्या हातची भाकर चालत नव्हती. मी भाजी करावी, वरण करावं, पाणी भरावं, पण भाकर आत्याबाईंनीच थापायची. माझ्या हातची भाकर घशाला टोचते म्हणायचे. मी एकदा माझ्या भाकरी आत्याबाईंच्या टोपल्यात खाली घालून दिल्या, तर दोन खाल्ल्या आणि ढेकर दिला. पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

पावसाळा लागला की आत्याबाईंचं बोलणं तुटायला लागायचं. एरवी ती बाई बोलायला लागली की चार घरं ऐकायची. श्रावणात मात्र तिचं एक वाक्य तीन-तीन तुकड्यांत यायचं. "सूनबाई, ते पीठ..." म्हणून थांबायचं. छातीतून पावा वाजल्यासारखा आवाज. "चाळून..." पुन्हा थांबायचं. "...ठेव." त्या दिवशी चुलीला किती धूर झाला ते मी तिच्या वाक्याच्या तुकड्यांवरून ओळखायची.

आदल्या पावसाळ्यात तर त्या दोन दिवस आडव्या होऊ शकल्या नाहीत. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात देऊन बसूनच. गाडी जुंपून नांदुऱ्याला नेलं. डॉक्टर मामाजींना म्हणाले, "यांना चुलीपासून लांब ठेवा. असाच आणखी एक पावसाळा काढला तर मग माझ्याकडे आणू नका, उपयोग व्हायचा नाही." मी तिथंच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. मामाजींनीही ऐकलं. मान हलवली. घरी आले, हातपाय धुतले आणि भाकर मागितली.

तेव्हाच नांदुऱ्यात गॅसचं नवीन दुकान निघालं होतं. अर्ज करायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. आमचे हे सातवीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की कोंबडी चिखलातून जावी. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भावाच्या पाटीवरून अक्षरं उचलली आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले. अक्षर मात्र बरं होतं. म्हणून अर्ज मी लिहिला. मामाजी झोपाळ्यावर बसून सांगत होते.

"लिही, घरातल्या बाईले दमा आहे. धुरानं जीव जाऊन राह्यला. असं लिही की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाह्यजे."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं त्याहून जास्त लिहिलं. पाव्यासारखा आवाज येतो तेही लिहिलं. वाचून दाखवलं तर मामाजींच्याच डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, चला, माणूस आतून ओला आहे. भोळी होते मी तेव्हा.

नंबर लागला तो चैत्रात. टाकी आणायला गाडी सजली. धक्का लागला की टाकी फुटते असं कुणी यांच्या कानात भरवलं होतं. मग गाडीत ढीगभर सरकी पसरली, तिच्यावर गोधडी, गोधडीवर टाकी आडवी निजवली, वर दुसरी गोधडी. आमचे हे गाडीत बसले नाहीत, बैलांची वेसण धरून तीन कोस चालत आले. वाटेत कुणी विडी पेटवताना दिसला तर लांबूनच ओरडायचे, "विझव बे, गॅस येऊन राह्यला." मी माहेराहून पहिलं लेकरू घेऊन आले होते, सव्वा महिन्याचं, तेव्हा एसटी थांब्यावरून मला याच गाडीत नुसत्या कडब्यावर बसवून आणलं होतं. बैल पळवत. पण जाऊ द्या, मी काही फुटणारी नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस सायकलवर आला, जोडणी करायला. चांगला माणूस होता. आल्या आल्या त्यानं विचारलं, "काका, स्वयंपाकघर कुठं आहे?"

मामाजी म्हणाले, "त्याचं काय करता? इथंच बसवा, बैठकीत."

"बैठकीत?"

"मंग? बायायच्या हाती देऊ काय मी हे? उद्या भडका झाला म्हंजे?"

मी दाराच्या आड उभी. माझ्या मागे आत्याबाई. दोघींनी ऐकलं. आत्याबाईंनी आत जाऊन चुलीत पऱ्हाटी सारली. तो माणूस तरी काय करणार, त्यानं शेगडी कपाटाशेजारच्या मेजावर ठेवली, टाकी खाली ठेवली, नळी लावली. नारळ फुटला, टाकीला कुंकू लागलं. संध्याकाळी मला हुकूम, टाकीला एक झबलं शिव, उघडी बरी दिसत नाही. मी शिवलं. जुन्या लुगड्याचं, खाली चुण्या घालून. आज स्वतःचाच राग येतो, पण शिवलं खरं.

मग गाव बघायला लागलं. एक टोळी गेली की दुसरी. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही ते मामाजी गॅस पेटवून दाखवायचे. पेटवायची रीत अशी. तोंड फिरवून भिंतीकडे करायचं, हात लांब करायचा, काडी धरायची आणि भप्प झालं की स्वतःच दचकायचं. लोक म्हणायचे, "बाप्पा, धूर कायचाच नाई."

"धूर कसा राहीन? सायन्स आहे ते."

आणि गंमत ऐका. नेमका तेव्हाच आतल्या चुलीचा धूर मधल्या दारानं बैठकीत यायचा आणि सायन्स बघायला आलेल्यांचे डोळे चुरचुरायचे. मग मामाजी ओरडायचे, "दार लावून घ्या वं, धूर येऊन राह्यला इकडं." आम्ही दार लावायचो. एवढासा धूर बाहेर जायची जी वाट होती तीही गेली. गॅसला धूर लागू नये म्हणून आत्याबाई धुरात.

गॅसवर काय व्हायचं, तर चहा. पुरुष चहा करायचे. म्हणजे कसा, तर आतून घासलेलं पातेलं मी न्यायचं. पाणी मोजून मी न्यायचं. साखर, चहापत्ती, आल्याचा तुकडा ठेचून, दूध आधीच चुलीवर तापवून, गाळणी, कपबश्या, सगळं मी न्यायचं. मग आमचे हे काडी ओढायचे आणि पातेल्याकडे बघत उभे राहायचे. उतू गेलं की मला हाक. पातेलं परत आत. आणि पाहुणे निघताना म्हणायचे, वा, आज तुमच्या हातचा चहा घेतला. आमचे हे लाजायचे. खरंच लाजायचे.

मी आठ-दहा दिवस वाट पाहिली, मग यांना विचारलं. "अर्जात काय लिहिलं होतं, आठवतं का?"

"अर्जात तसं लिहाच लागते."

"मग गॅस आत कधी न्यायचा?"

"बाबाले विचार."

"तुम्ही विचारा की."

"मी काऊन विचारू? मले कोठं दमा आहे?"

मग मी आत्याबाईंनाच म्हटलं, तुम्ही सांगा मामाजींना, तुमच्यासाठी आणलाय. तर त्या माझ्यावरच उखडल्या. "मले नोको तो डबा. त्याच्यावरचं रांधलेलं देवाले चालत नाई. अन् भाकरीले निखारा लागते, त्या निळ्या जाळावर भाकर फुगते का कधी? ज्याचं त्यायले लखलाभ." मला वाटलं, म्हातारी हट्टी आहे. फार दिवसांनी समजलं की तो हट्ट नव्हता. जे कुणी आपल्याला द्यायला तयार नाही ते आपणच नको म्हणावं, एवढीच त्यात अब्रू होती.

आता काट्याचं सांगते. बैठकीला लागून कापसाची खोली होती. तिथं आढ्याला मोठा काटा टांगलेला, दोन पारड्यांचा. हंगामात त्याच्यावर कापूस तोलायचे. हंगाम सरला की तो रिकामा. मामाजींच्या डोक्यात आलं, टाकीत किती गॅस उरला ते दिसत नाही. दिसत नाही म्हणजे कुणी चोरला तर कळणार कसं? आयुष्यभर कापूस तोललेला माणूस. त्यानं ठरवलं, टाकी काट्यावर घालायची. दर बाजाराच्या दिवशी सकाळी बापलेक मिळून टाकीचं झबलं काढायचे, वरचा रेगुलेटर उपटायचे, टाकी उचलून पारड्यात ठेवायचे. दुसऱ्या पारड्यात वजनं. मागच्या आठवड्याची वजनं तशीच कोपऱ्यात रचून ठेवलेली असायची. तीच पुन्हा घालायची आणि टाकी किती वर उचलली जाते ते डोळे बारीक करून बघायचं. मग टाकी परत, रेगुलेटर परत, झबलं परत. एवढी देखभाल कधी घरातल्या माणसाची झाली नाही. आत्याबाई किती वाळल्या हे तोलायला काटा लागत नव्हता, नुसतं बघायचं होतं.

आषाढ लागला. गंजी भिजली. पाव्याचा आवाज सुरू झाला. डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यात घण मारायचे. एक दिवस दुपारी पुरुष शेतात होते आणि आत्याबाईंना फारच धाप लागली. ओव्याचा काढा करायचा तर चूल पेटेना, फुंकून फुंकून माझाच जीव गेला. मी उठले, बैठकीत गेले, झबलं बाजूला केलं आणि गॅस पेटवला. पाच मिनिटांत काढा झाला. पाच मिनिटांत. मी पातेल्याकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, आणि धूर तर नव्हताच. आत्याबाईंनी काढा घेतला. कशावर केला ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत बैठकीत वास यायला लागला. कुजका, नाकात बसणारा. मामाजी म्हणाले, उंदीर मेला. मग काय, उंदीर हुडका. गाद्या झटकल्या, कपाट सरकवलं, ट्रंका बाहेर काढल्या, धान्याच्या कणग्या हलवल्या. उंदीर काही सापडेना. मामाजी आतल्या दाराकडे बघून म्हणायचे, "आत कांदे सडले असतीन. बायायचं लक्ष राह्यते कोठं?" मी सगळे कांदे निवडले. एकही सडका नव्हता.

आणि मग तो बाजाराचा दिवस. धामणगाव बढ्याहून मामाजींचे साडू आलेले होते, म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना काटा दाखवायची मामाजींना फार हौस. टाकी पारड्यात गेली, मागच्या आठवड्याची वजनं दुसऱ्या पारड्यात, आणि टाकी सर्रकन वर गेली. अशी वर गेली की साडूभाऊ मागे सरकले.

आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आत्याबाई भाकर थापत होत्या, मी भाजीला फोडणी देत होते.

मामाजी म्हणाले, "हे कसं काय? चार कप चहानं एवढं वजन उतरते?"

आमचे हे म्हणाले, "मी तं नाई जाळला."

मग मामाजींनी आवाज चढवला, आतल्या दाराकडे तोंड करून. "घरात कोणीतरी चोरून जाळून राह्यलं. आमी शेतात मरतो अन् मांगं इथं चोऱ्या होतात. घरचेच चोर, दुसऱ्याले काय म्हणा?"

साडूभाऊ हसले. हसायचं म्हणून हसले असतील, पण हसले.

मी एकदा जाळला होता. माझं तोंड उघडलं, सांगून टाकावं म्हणून, की हो, मी, एकदा, काढ्यासाठी. तर आत्याबाईंनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि कापसाच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बहिणीच्या नवऱ्यापुढं ती बाई तीस वर्षांत कधी उभी राहिलेली नव्हती.

"कोणाले म्हंता चोर?" धाप लागली. "म्या त्या डब्याले..." थांबल्या. "...बोट लावलं नाई आजलोक." पुन्हा थांबल्या. "माह्या दम्याचा कागद..." पावा वाजला. "...लिहून आणला. अन् चोर मीच?"

काटा नुसता वरखाली होत होता.

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चोर म्हंतलं नं? आता चोरतोच. सूनबाई, उचल ती शेगडी."

मामाजी म्हणाले, "अवं, भडका होईन. कायी समजते का?"

"होऊ द्या. चुलीनं..." श्वास घेतला. "...मरायचं ते यानं मरतो."

मी शेगडी उचलली. ती आत घडवंचीवर ठेवली, घडवंचीवरचे पाण्याचे हंडे खाली उतरवले. परत गेले तर आत्याबाईंनी पारड्याला हात घातलेला. दोघींनी मिळून टाकी खाली घेतली. दुसरं पारडं धाडकन आपटलं, वजनं घरंगळली, एक साडूभाऊंच्या पायाजवळ गेलं. दोन्ही पुरुष आणि तिसरा पाहुणा, तिघं भिंतीला लागून उभे. टाकी काठावर तिरपी करून गरगर फिरवत आम्ही आत नेली. एकानंही हात लावला नाही. एकानंही अडवलं नाही, तेही खरं.

जोडणी मी दाराआडून पाहिलेली होती. रेगुलेटर तसाच दाबून बसवला. तर सुस्स असा आवाज, आणि वास. तोच, मेलेल्या उंदराचा वास. क्षणात माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारी चूल पेटलेली. मी रेगुलेटर उपटला, पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीत ओतला. चुलीत पाणी ओतणं म्हणजे आमच्यात केवढं अशुभ. तव्यावरची भाकर अर्धी कच्ची, राखेचा लोट उठला. मी आत्याबाईंकडे पाहिलं, आता शिव्या बसणार. त्या चुलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं."

मी दारात येऊन यांना सांगितलं, "तो उंदीर नव्हता. टाकीतून गॅस गळतो आहे. दुकानाचा माणूस आणा, तोवर चूल पेटणार नाही आणि जेवण मिळणार नाही."

जेवण मिळणार नाही म्हटल्यावर मात्र आमचे हे पळाले. सायकल काढली आणि नांदुऱ्याला. तोवर मामाजी आणि साडूभाऊ ओट्यावर बसून मुरमुरे खात होते.

दुकानाच्या माणसानं टाकीच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाला, "इथली रबराची चकती कुठं आहे?"

सगळे एकमेकांकडे बघतात. मी कापसाच्या खोलीत गेले. काट्याच्या खाली, सांडलेल्या कापसाच्या पिंजारात, ती एवढीशी काळी चकती पडलेली. टाकी सारखी काढून घालून निखळलेली. मी ती त्याच्या हातावर ठेवली आणि कुठं सापडली तेही सांगितलं.

"काट्याखाली? टाकी काट्यावर कशाला?"

मामाजी वर आढ्याकडे बघायला लागले. शेवटी आमचे हे म्हणाले, "तोलत होतो."

तो माणूस आधी हसला आणि मग हसायचा थांबला. "काका, ही काय कापसाची गाठ आहे? आठवडाभर गॅस खोलीत गळतोय. नशीब समजा, खिडक्या उघड्या होत्या." हे मात्र मी मामाजींच्या पदरात टाकते. बैठकीला काढलेल्या चार खिडक्यांनीच घर वाचवलं.

त्यानं नवी चकती बसवली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, शेगडी पेटवून दिली. आणि जाताना बोट दाखवून म्हणाला, "आता टाकी जिथं आहे तिथंच राहील. इथून हलवायची नाही. सारखं हलवलं की असंच होतं. आणि या खोलीला एक मोठी खिडकी काढा."

झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते वाया गेलं. मी सांगितलं, तेही वाया गेलं. तीस वर्षं बाई खोकत होती, तेही वाया गेलं. पण सायकलवरून आलेल्या पोरगेल्या माणसानं सांगितलं, टाकी हलवायची नाही, तर मामाजी संध्याकाळी ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "नाई, आता ते हलवाले जमत नाई. जिथं आहे तिथंच राह्यते. सायन्स आहे." आठ दिवसांत गवंडी आला आणि स्वयंपाकघराला खिडकी पडली. चोर आजतागायत आला नाही.

गॅसवरच्या पहिल्या भाकरी काही नीट झाल्या नाहीत. एक बाजू काळी, एक बाजू पांढरी. मामाजी म्हणाले, टोचते. आत्याबाई म्हणाल्या, चावून खा. देवाचा निवद आठ दिवस वेगळ्या मातीच्या शेगडीवर, कोळशावर केला, आणि नवव्या दिवशी गॅसवरच ठेवला. मी नुसतं पाहिलं. त्या म्हणाल्या, "देवाले बी खावू दे बिगरधुराचं." वांग्याचं भरीत मात्र त्या शेवटपर्यंत अंगणात पऱ्हाटीवरच भाजायच्या. गॅसवरचं भरीत म्हणजे उकडलेलं वांगं, असं त्यांचं मत, आणि ते खरंही आहे.

भादव्यात साडूभाऊ पुन्हा आले, सोबत त्यांच्या गावचे आणखी दोघं. पावसाची झड लागलेली, गंजी पार भिजलेली. असल्या दिवसांत आदल्या वर्षी आत्याबाई भिंतीला टेकून होत्या. मी चिमटा हातात घेऊन शेगडीजवळ उभी होते, आत्याबाई भाकर थापत होत्या, मधलं दार सताड उघडं होतं. आता ते लावायला कुणी सांगत नव्हतं.

बैठकीत एका पाहुण्यानं विचारलं, गॅस दिसत नाही कुठं. मामाजी म्हणाले, "आत आहे. घरात दमा आहे नं. म्हटलं खर्च होऊ द्या, पण बाईचा जीव मोठा. तिच्यासाठीच आणला मी तो."

आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी मान दाराकडे वळवली.

"दम्यासाठी आणला तं तीन महिने त्याले झबलं घालून बैठकीत काऊन बसवला होता, अन् दर बाजाराच्या दिवशी काट्याले टांगून काय पाहून राह्यले होते, अन् मले साडूभाऊच्या तोंडावर चोर म्हंतलं ते कोण्या डॉक्टरनं लिहून देलं होतं, हे बी सांगा पाहुण्यायले, अन् मंग चहा मांगा."

बैठकीत काय झालं मला ठाऊक नाही, मी तिकडे बघत नव्हते. त्या बोलत होत्या तेव्हा मी फक्त एवढंच ऐकत होते, की मध्ये कुठं थांबतात का. नाही थांबल्या.